पडण्यासाठी उभी केलेली पाटी

जून लागला. तिकडे देशात सगळे आभाळाकडे बघत असतील, आणि इथे ह्यूस्टनमध्ये आपण पाण्याच्या बाटल्या, टॉर्चचे सेल आणि जनरेटरमधलं तेल बघायला लागलो आहोत. १ जून ते ३० नोव्हेंबर, चक्रीवादळांचा हंगाम. आज इतिहासाच्या भागात मी तुम्हाला रस्त्याकडेच्या पाटीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. तीच हिरवी पाटी, जिच्याखालून आपण रोज साठ-सत्तरच्या वेगाने जातो आणि जिच्याकडे बघतही नाही, कारण फोनमधली बाई सांगतच असते, डावीकडे वळा, उजवीकडे वळा.

मीही बघत नव्हतो. ८ जुलै २०२४ पर्यंत.

त्या दिवशी पहाटे बेरिल वादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आलं आणि सकाळी आपल्या डोक्यावर. पहिल्या श्रेणीचं, म्हणजे वादळांच्या हिशेबात लहानच. तरी आपल्या परिसरातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, हे तुम्हाला आठवत असेलच. दुपारी वारा उतरला तेव्हा एका मित्राचा मेसेज आला. त्याची आई सांगलीहून आली होती. त्यांना झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज नाही, घरात एकच सिलिंडर, आणि तो रात्रभर पुरणार नाही. माझ्याकडे छोटा जनरेटर होता. तो गाडीत टाकला आणि निघालो.

एरवी पंचवीस मिनिटांचा रस्ता. सिग्नल सगळे बंद. फोनला एक काडी रेंज, नकाशा उघडेना. म्हटलं, काही हरकत नाही, दहा वेळा गेलोय तिथे. पण मंडळी, मी दहा वेळा गेलो होतो ते फोनच्या भरवशावर. मला रस्ता माहीतच नव्हता. मला फक्त एवढं आठवत होतं की केटीच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावर एक पाटी दिसते आणि तिथून उजवीकडे वळायचं. ती पाटी आलीच नाही. मी पुढे गेलो, परत फिरलो, पुन्हा पुढे गेलो. दोन्ही बाजूंना सारखीच भिंत, सारखीच झाडं, सारखीच तपकिरी घरं. शेवटी एका पिक-अप ट्रकवाल्याला थांबवून विचारलं. त्याने बोट दाखवलं रस्त्याकडेच्या चराकडे. पाटी चरात पाण्यात उपडी पडली होती.

घर सापडलं, जनरेटर लागला, काकूंनी त्याही परिस्थितीत गॅसवर चहा केला. ते सगळं ठीक झालं. पण परत जाताना मी त्या चराजवळ गाडी थांबवली, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. त्या पाटीचा खांब मोडलेला नव्हता. वाकलेलाही नव्हता. सरळ, शाबूत, लोखंडी खांब. त्याच्या बुडाशी एक त्रिकोणी तबकडी, तिला तीन खाचा, आणि खाचांमध्ये बोल्ट नाहीत. जमिनीतल्या ठोंबावर तशीच दुसरी तबकडी, तीही शाबूत. दोन्ही एकमेकांपासून सुटल्या होत्या, इतकंच. वाऱ्याने बोल्ट सैल केले, की अंधारात कोणाच्या गाडीने धक्का दिला, कोण सांगणार. पण मला त्या क्षणी रागच आला. म्हटलं, एवढा श्रीमंत देश, आणि पाटीच्या बोल्टला खाच ठेवून कोणी बसवतं का? पूर्ण भोक पाडायला काय झालं होतं?

पुढचे काही महिने फावल्या वेळात मी हेच वाचत होतो. बायको म्हणाली, लोकांना मिडलाइफ क्रायसिसमध्ये मोटारसायकल सुचते, तुला खांब सुचला. असो. तर त्या खाचेची गोष्ट.

१९५६ साली आयझेनहॉवर अध्यक्ष असताना महामार्गांचा कायदा झाला आणि हे इंटरस्टेटचं जाळं विणायला सुरुवात झाली. वेग वाढला तशी पाट्या वाढल्या, कारण साठ मैलांच्या वेगात वाचायचं तर अक्षरं मोठी हवीत, आणि अक्षरं मोठी तर पाटी मोठी. रंग कोणता घ्यायचा यासाठी मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्टजवळ, अजून खुल्या न झालेल्या रस्त्यावर तीन रंगांच्या पाट्या लावून लोकांना गाड्या चालवायला सांगितलं होतं. त्यांवर गावांची नावं होती मेट्रोपोलिस आणि युटोपिया. लोकांनी हिरवा निवडला, तो आजतागायत चालू आहे.

आता एवढी मोठी पाटी उभी करायची तर खांब तसाच हवा. इंजिनिअरांनी तेच केलं जे आपणही केलं असतं. जाड पोलादी तुळया, खाली काँक्रीटचा भक्कम पाया. वाऱ्याला हलणार नाही अशी पाटी. आणि ती खरंच हलत नव्हती. गाडी आदळली तरी हलत नव्हती. रस्ता सोडून जरा बाजूला गेलेली गाडी, झोप लागलेला ड्रायव्हर, फुटलेलं टायर, आणि समोर हा खांब. माणूस रस्त्यावर चुकला तर त्याला देहदंड द्यायला जणू सरकारनेच खांब रोवून ठेवला होता.

याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला एक टीव्ही दुरुस्त करणारा माणूस होता, जोसेफ लिंको. कामावर येता-जाता त्याला रस्त्याकडेचे हे धोके दिसत आणि तो त्यांचे फोटो काढत सुटे. खांब, कठड्यांची टोकं, पुलांचे कोपरे. १९६७ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे, मिनेसोटाचे जॉन ब्लॅटनिक अध्यक्ष असलेल्या, त्याला साक्षीला बोलावलं आणि त्याने आपली चित्रं दाखवली. पदवी नाही, हुद्दा नाही, हातात कॅमेरा. मला हा माणूस फार आवडला. आपल्याकडे अशा माणसाला कॉलनीत ‘अर्जवाले काका’ म्हणतात आणि टाळतात.

उत्तर मात्र आपल्या टेक्सासमध्ये आधीच तयार होत होतं. ह्यूस्टनहून दीड-पावणेदोन तासांवर कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एमची वाहतूक संशोधन संस्था आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिथे शिकतात. जवळच ब्रायनला जुना हवाई तळ आहे, त्याच्या धावपट्टीवर या संस्थेचं चाचण्यांचं मैदान. १९६० च्या दशकाच्या मध्यावर या संस्थेने आणि टेक्सासच्या महामार्ग खात्याने मिळून गाड्या खांबांवर आदळवून पाहिल्या आणि खांबाचा एक नवा सांधा काढला. माझ्या चरातल्या पाटीचा सांधा हा त्याचाच नातू.

त्यांच्यापुढचा पेच बघा. पाटी वाऱ्यात पडता कामा नये. पाटी गाडीपुढे उभी राहता कामा नये. दोन्ही जोर आडवेच. मग खांबाला कसं कळणार की ढकलणारा वारा आहे की गाडी?

कळतं, ते उंचीवरून. वारा पाटीला ढकलतो, म्हणजे वर, दहा-बारा फुटांवर. त्यामुळे खांब उलथू पाहतो, बुडाची एक बाजू उचलली जाते, दुसरी दाबली जाते. गाडीचा बंपर मात्र जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लागतो. तिथे उलथण्यापेक्षा सरकण्याचा जोर जास्त. घरच्या दाराची जुनी कडी आठवा. बाहेरून दार कितीही ढकला, धडका द्या, कडी धरून ठेवते. पण तीच कडी आडवी सरकवली की एका बोटाने उघडते. या सांध्याचं तसंच आहे. दोन तबकड्या, मध्ये उभे बोल्ट. वारा वरून उलथवतो तेव्हा बोल्ट ताणले जातात आणि ताणाला ते भरपूर बळकट आहेत. गाडी खालून मारते तेव्हा वरची तबकडी सरकते, आणि बोल्ट उघड्या खाचांतून बाहेर निघून जातात. खांब मोडत नाही, सुटतो. म्हणून खाच. भोक असतं तर तो सुटला नसता.

मोठ्या पाट्यांना, ज्या दोन खांबांवर असतात, त्यात आणखी एक गंमत आहे. पाटीच्या खालच्या कडेला खांब अर्धवट कापून तिथे बिजागरीसारखा सांधा ठेवतात. गाडी एका खांबाला लागली की तो खालून सुटतो, वर बिजागरीतून झोक्यासारखा उचलला जातो, गाडी खालून निघून जाते, आणि पाटी दुसऱ्या खांबावर उभी राहते. जमिनीत उरलेला ठोंब चार इंचांपेक्षा उंच नसावा, म्हणजे गाडीच्या पोटाला लागणार नाही.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे बोल्ट किती आवळायचे. फार घट्ट आवळले तर तबकड्या एकमेकींना इतक्या चिकटतात की गाडी लागूनही सरकत नाहीत. सैल ठेवले तर रोजच्या वाऱ्याच्या थरथरीने बोल्ट इंच-इंच खाचेतून बाहेर चालत येतात आणि एक दिवस साध्या वावटळीत पाटी आडवी. हे थांबवायला दोन तबकड्यांमध्ये एक पातळ पत्रा घालतात. बोल्ट त्या पत्र्याच्या भोकांतून जातो. थरथरीला पत्रा बोल्टला जागेवर ठेवतो, पण गाडी आली की फाटून जातो. कागदासारखा पत्रा, आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंची सुरक्षा. मी पंधरा-वीस वर्षं बँकांच्या आणि इस्पितळांच्या कॉम्प्युटर यंत्रणांवर काम करतो. कुठली गोष्ट आधी बंद पडू द्यायची, म्हणजे बाकीची वाचेल, हे ठरवायला आम्ही मोठाल्या मीटिंग घेतो. या लोकांनी ते एका पत्र्यात केलं.

एक छोटं गाणं ऐकूया आणि मग वादळाकडे वळू.

तर मंडळी, परत स्वागत. आता वारा.

वाऱ्याचं एक गणित आपण सगळे विसरतो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी फ्रीवेवरची साधी हिरवी पाटी घ्या. ताशी ७५ मैल वारा, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या वादळाची सुरुवात, त्या पाटीवर साधारण दीड टनाचा जोर देतो. ताशी १५० मैलांना तोच जोर सव्वासहा टनांवर जातो. आणि तो जोर वीस फूट उंचीवर, पायाला उलथवायला.

पाटी सरकारी आहे की जाहिरातीची, हे वाऱ्याला कळत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गाशेजारी पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. त्या दिवशी आपण सगळे फोन घेऊन बसलो होतो, कोणाचे नातेवाईक तिथून रोज जातात म्हणून. परवानगीची मर्यादा चाळीस बाय चाळीस फूट, आणि ते होतं सुमारे एकशेवीस बाय एकशेवीस. बाजू तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे वाऱ्याचा जोरही नऊपट, आणि तोही जास्त उंचीवर. वादळ अवकाळी होतं, चक्रीवादळ नव्हतं. नऊपट पाटीला चक्रीवादळाची गरज लागत नाही.

इथल्या वादळांच्या श्रेणी, एक ते पाच, आपण टीव्हीवर ऐकतो. त्या काढणारे हर्बर्ट सॅफिर हे हवामानवाले नव्हते. फ्लोरिडातले बांधकाम इंजिनिअर होते. किती वाऱ्याला काय मोडतं, यावरून त्यांनी १९६९ मध्ये मोजपट्टी बनवली, आणि हवामान खात्याचे रॉबर्ट सिम्पसन यांनी तिला पुढे नेलं. म्हणजे श्रेणीची कल्पनाच मुळात नुकसानीच्या यादीतून आली.

आणि ती यादी १९९२ मध्ये फार लांबली. २४ ऑगस्टच्या पहाटे अँड्र्यू हे वादळ मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडच्या बाजूला आलं. पाचवी श्रेणी. त्या एका काउंटीत पंचवीस हजारांवर घरं उद्ध्वस्त झाली, एक लाखाच्या आसपास घरांचं नुकसान झालं. पण मला आज त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. लोक आसऱ्यातून परत आले आणि त्यांना स्वतःचं घर सापडेना. त्या भागातले रस्ते नावांचे नाहीत, आकड्यांचे आहेत, साउथवेस्ट अमुक स्ट्रीट आणि तमुक अव्हेन्यू, बुद्धिबळाच्या पटासारखे. पाट्या उडाल्या, झाडं उपटली, कोपऱ्यावरची दुकानं गेली. मग १८४ वा रस्ता कोणता आणि १८८ वा कोणता? वीस वर्षं राहिलेली माणसं आपल्याच गल्लीत गोल फिरली. मदतीला वीस हजारांहून जास्त सैनिक आले, ते तर परगावचे. त्यांच्या हातात पत्ता होता, पण तो पत्ता जमिनीवर कुठेच लिहिलेला नव्हता. शेवटी लोकांनी रंगाचे डबे काढले आणि उरलेल्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत घर नंबर, रस्ता आणि आपल्या विमा कंपनीचं नाव लिहून ठेवलं. त्या भिंतींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मला ते पूर्वी विम्याच्या कटकटीचे फोटो वाटायचे. आता ते पाट्यांचे फोटो वाटतात.

अँड्र्यूनंतर फ्लोरिडात घरांचे नियम कडक झाले, खिडक्या-दारं-छपरं सगळं तपासून बसवायला लागले. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाट्यांचा धडा मात्र बारा वर्षांनी मिळाला, आणि तोही अनपेक्षित जागी.

२००४ मध्ये फ्लोरिडाला दीड महिन्यात चार वादळांनी झोडपलं. चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन, जीन. चार्ली १३ ऑगस्टला, जीन सप्टेंबरच्या शेवटी. वादळं ओसरल्यावर इंजिनिअर पाहायला गेले तेव्हा काही मोठ्या पाट्या पडलेल्या किंवा वळलेल्या आढळल्या, आणि खांब धड होते. रस्त्याच्या एका कडेला उंच खांब, आणि त्यातून रस्त्यावर आडवा आलेला हात, त्याला लटकलेली पाटी, अशा त्या पाट्या. खांब पोलादाचा, त्याला खाली जाड बोल्ट, बोल्ट काँक्रीटच्या गोल पायात ओतलेले. खांब ठीक, हात ठीक, बोल्ट ठीक. फुटलं होतं ते बोल्टांभोवतीचं काँक्रीट.

फ्लोरिडाच्या रस्ते खात्याने हे काम फ्लोरिडा विद्यापीठाकडे दिलं. त्यांनी प्रयोगशाळेत तसाच पाया लहान करून बांधला आणि फुटेपर्यंत पिळला. पिळला, हा शब्द महत्त्वाचा. पाटी खांबाच्या एका बाजूला असल्यामुळे वारा नुसता ढकलत नाही, तो पान्याने नट फिरवावा तसा खांब फिरवतो. हात जितका लांब तितका पीळ जास्त. तो पीळ बोल्टांतून काँक्रीटच्या कडेला जातो, आणि कडेचं काँक्रीट आतून बाहेर फुटतं. पायाचा आराखडा करताना उलथण्याचं गणित होत होतं, पण या विशिष्ट फुटण्याचं होत नव्हतं. २००७ च्या अहवालात ते गणित आलं. जे पाये आधीच जमिनीत होते, त्यांच्या वरच्या भागाला कार्बन फायबरच्या कापडाचा पट्टा गुंडाळून बळकटी येते, हेही त्यांनी करून पाहिलं. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालावं तसं, फक्त मोडण्याआधी.

फ्लोरिडाने आणखी एक केलं. किनाऱ्यापासून दहा मैलांच्या पट्ट्यात राज्याच्या रस्त्यांवर नवे सिग्नल तारांवर लटकवायचे नाहीत, पोलादी हातावरच बसवायचे, असा नियम ठेवला. तारेवरचा सिग्नल वादळात पतंगासारखा गोते खातो आणि शेवटी कोणाच्या तरी गाडीवर येतो.

आणि हे सगळं फक्त वादळाचंच आहे असंही समजू नका. वर्षानुवर्षं खालून जाणारे अठरा चाकी ट्रक पाटीला खालून हवेचा धक्का देतात. मंद, एकसारख्या वाऱ्यातही लांब हात वर-खाली डुलतो. लोखंडाची तार आपण लहानपणी मागे-पुढे वाकवून तोडायचो ना, तसं धातू थकतं, सांध्याच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर पडते. १९९० च्या दशकात यावर अभ्यास झाला आणि २००१ च्या देशव्यापी नियमावलीत या थकव्याचा हिशेब आला. वादळ येतं ते बऱ्याचदा आधीच दमलेल्या खांबावर येतं.

आता मी त्या जागी येतो जिथे मला सगळ्यात जास्त अडखळायला झालं. त्याच नियमावलीत एक तक्ता होता. रस्त्यावर आडव्या येणाऱ्या मोठ्या पाट्या पन्नास वर्षांच्या वाऱ्याला टिकाव्यात. रस्त्याकडेच्या पाट्या दहा वर्षांच्या वाऱ्याला टिकल्या तरी पुरे. दहा वर्षांचा वारा म्हणजे असा वारा, जो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता दहात एक. आपण एमबीएवाले हिशेब घालतोच. दहा वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात पासष्ट. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरची पाटी कधीतरी पडणार, हे कोणाच्या तरी टेबलावर आधीच मान्य झालेलं आहे. मी चरापाशी उभा राहून ज्याला हलगर्जीपणा म्हणत होतो, तो निर्णय होता.

निर्णय मला पटला का? अर्धा पटला. रस्त्यावर आडवी पाटी पडली तर खालच्या गाड्या चिरडतील, आणि गाव सोडून जाणाऱ्यांचा रस्ताच बंद होईल. ती पडताच कामा नये. कडेची पाटी चरात पडते, दुसऱ्या दिवशी माणूस येऊन तोच खांब त्याच ठोंबावर नव्या बोल्टांनी बसवतो. प्रत्येक कडेची पाटी पाचव्या श्रेणीसाठी जाड करायची म्हटली तर पुन्हा १९६० चे मारेकरी खांब उभे राहतील, आणि वादळ दहा वर्षांत एकदा येतं, झोप लागलेला ड्रायव्हर रोज रात्री येतो. इथपर्यंत मला मान्य. पुढे नियमावली आणखी शहाणी झाली. २०१५ च्या आवृत्तीत सरळ विचारलं जातं, की हा खांब पडला तर रस्त्यावर येईल का, आणि तो रस्ता जीवनवाहिनी मानलेला आहे का? उत्तर हो असेल तर वाऱ्याची अट वाढते. कडेच्या पाट्यांचा दहा वर्षांचा हिशेब मात्र राहिला.

माझं उरलेलं अर्धं इथे अडतं. हा सगळा हिशेब पाटी पडताना काय होईल याचा आहे. पाटी पडल्यानंतरच्या तीन दिवसांचा नाही. अँड्र्यूनंतरच्या त्या आकड्यांच्या रस्त्यांवर कोणी पाटीखाली चिरडून मेलं नाही म्हणून पाटीचं काम झालं, असं म्हणता येईल का? आणि आज तर फोन आहे म्हणून आपण गावाचा नकाशा डोक्यात ठेवणंच सोडलं आहे. वीज आणि टॉवर जातात त्याच दिवशी पाटीही जाते. स्टॉपची पाटी, निळी वादळमार्गाची पाटी, इस्पितळाची पाटी, या तरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मोजमापाने बसवाव्यात असं मला वाटतं. सुटणारा सांधा ठेवूनही ते करता येईल. पाया खोल, बोल्ट दर वर्षी मे महिन्यात तपासलेले. त्याला पैशांपेक्षा माणसं लागतात, आणि ती मिळणं अवघड असतं हे मला माझ्याच धंद्यावरून माहीत आहे.

आमच्या बारा वर्षांच्या मुलाने हे सगळं ऐकून विचारलं, “बाबा, पाटीला भोकं का नाही पाडत? वारा आरपार जाईल.” मला वाटलं, किती सोपं! पण थोड्याशा भोकांनी जोर फारसा कमी होत नाही. हवा भोकाशी गर्दी करते, रेल्वेच्या दारात करतात तशी. जोर खरोखर उतरवायचा तर पाटीचा मोठा भाग उघडा हवा, आणि मग अक्षरं लिहायची कुठे? तो म्हणाला, “मग लहान अक्षरं.” मी म्हटलं, “मग थांबून वाचावं लागेल.” तो म्हणाला, “मग थांबायचं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या घरी त्या जुलैनंतर तीन गोष्टी बदलल्या. गाडीच्या कप्प्यात काउंटीचा कागदी नकाशा आहे, त्यावर आठ-दहा मराठी घरं पेनाने खुणा करून ठेवली आहेत. वादळाच्या पेटीत रंगाचा एक स्प्रे आहे. आणि दर महिन्यात एकदा कोणाकडे तरी जेवायला जाताना फोन खिशात ठेवून जायचं. पहिल्यांदा आम्ही पस्तीस मिनिटं चुकलो आणि वरण गार झालं.

ती पाटी पुढच्या काही आठवड्यांत परत उभी राहिली. मी मुलाला घेऊन मुद्दाम थांबलो. तोच खांब, त्याच्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ. बुडाशी तीन नवे चकचकीत बोल्ट, आणि दोन तबकड्यांच्या मध्ये त्या पातळ पत्र्याची कड दिसत होती. मुलाने नखाने ती कड चाचपून पाहिली. मी म्हटलं, हात लावू नकोस, सरकारी आहे.

काकू आता सांगलीला आहेत. परवा मित्राकडे व्हिडिओ कॉलवर दिसल्या, मला बघून पहिला प्रश्न, “काय रे, लावली का ती पाटी?” म्हटलं, “लावली, काकू.” तर म्हणाल्या, “आता जेवायला वेळेवर येत जा.”

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोवर जनरेटर एकदा चालू करून बघा. नमस्कार.